मंगळवार देवीचा

"आईंना वेड लागतंय का, तेवढं सांगा. बाकीचं आम्ही बघू."

सून खुर्चीत टेकायच्या आधीच हे बोलली. सासू मागे, दाराच्या चौकटीला हात लावून उभी. वय बावन्न, शिक्षण चौथीपर्यंत, राहायला सातपूरला. नाशिकबाहेरच्या एका मळ्यातल्या मिसळीच्या ठिकाणी बारा वर्षं चुलीवर काम. तिथे लहानथोर सगळेच त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही इथे मावशीच म्हणतो. त्यांना विचारून हे लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तक्रार अशी होती: तर्रीत मीठ दोनदा पडतं. गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदाही पडलं. रविवारची गर्दी, साठ-सत्तर लिटरचं पातेलं आणि खारट तर्री. मालकांनी सुनेला फोन करून सांगितलं, "मावशींना जरा घरी बसवा." मावशी लवकर चिडतात, भाकरी थापता थापता रडायला लागतात, रात्री दोनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. डोकं जड राहतं. नातवाचं नाव आठवायला क्षणभर थांबावं लागतं. आणि सुनेने जाता जाता आणखी एक सांगितलं. एकदा खोबऱ्या-कांद्याचं वाटण तव्यावर पार काळं झालं, बाहेरच्या टेबलांवर वास गेला, पण तव्यासमोर बसलेल्या मावशींना कळलं नाही.

हे सगळं पाच-सहा महिन्यांतलं. मधल्या काळात दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एका डॉक्टरांनी अर्धशिशी म्हणून गोळ्या दिल्या, एकांनी चष्मा बदलायला सांगितला. गोळ्या मावशी रोजच घेत होत्या, म्हणजे डोकेदुखीच्या गोळ्यांचीच डोकेदुखी होण्याची शक्यताही वाढलेली. मग घरातल्यांनी वणीच्या गडावर नेऊन आणलं. "दोन दिवस एकदम बऱ्या होत्या," सून म्हणाली. "आणि मंगळवारी पण नाही दुखत डोकं. आज बघा कशा शांत आहेत. मंगळवार देवीचा वार ना."

मी मान हलवली. थोडा हसलोही असेन. त्या दिवशी मंगळवार होता.

रुग्णाचे नातेवाईक निदान हातावर आणून ठेवतात आणि आपण ते श्रद्धा म्हणून बाजूला सारतो, असं माझ्याकडून पहिल्यांदा घडलं अशातला भाग नाही. पण इतकं स्वच्छ पूर्वी घडलं नव्हतं.

कागदावर काय दिसत होतं

पहिल्या भेटीतलं चित्र नैराश्याचं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. उदासी, रडू, झोपमोड, कशातच रस नाही, "आपला आता काय उपयोग" हे वाक्य दोनदा. जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट विचारलं. तसं नव्हतं, पण "देवानं नेलं तर बरं" होतं. नैराश्याच्या प्रश्नावलीवर २७ पैकी १६ गुण. कमी शिकलेल्यांसाठीची स्मरणशक्तीची चाचणी घेतली. त्यात लक्ष टिकवणं आणि पाच शब्द थोड्या वेळाने आठवून सांगणं, या दोन ठिकाणी त्या अडखळल्या. शब्द सुचवले की आठवत होते. अल्झायमरमध्ये बहुधा सुचवूनही आठवत नाही, त्यामुळे सुनेला मी "वेड नाही" एवढं त्याच दिवशी सांगू शकलो.

रक्तदाब १५६/९४. याआधी कधी मोजलेलाच नाही. मिसरी दिवसातून चार-पाच वेळा. पाळी जाऊन तीन वर्षं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९ आणि बी-१२ जेमतेम १४८. थायरॉइड ठीक, साखर ठीक. बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन ९८.

बी-१२ एवढं कमी असेल तर विसराळूपणा येतो, उदासी येते, चिडचिड येते. रक्त कमी असेल तर थकवा आणि डोकं जड. माझ्याकडे आता एक नाही, चार कारणं होती आणि चारही औषधाने बरी होणारी. बी-१२ ची इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाची गोळी, नैराश्यासाठी सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम. दोन आठवड्यांनी या.

दोन आठवड्यांनी आल्या. पुन्हा मंगळवारीच, कारण सुट्टीच मंगळवारची. झोप जराशी सुधारली होती. डोकेदुखी जैसे थे. "आज नाही," मावशी स्वतःच म्हणाल्या. "उद्या अकरापर्यंत चढंल बघा. मग मळमळतं. बाळ्याला पण होतं तसं, लाकडं सारतो ना तो. त्यानं तर परवा उलटी केली."

तिथे मी पेन खाली ठेवलं.

एकाच जागी काम करणाऱ्या दोन माणसांचं डोकं एकाच वेळी दुखतं, सुट्टीच्या दिवशी थांबतं, गडावर गेलं की थांबतं. बी-१२ ला मंगळवार कळत नाही.

"मावशी, चूल उघड्यावर आहे ना?"

"होती आधी. आता पत्रं लावलेत की. आखाड लागायच्या आधी."

चुलीपाशी

रविवारी मी स्वतः गेलो. नाशिककरांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे रविवारची सकाळ म्हणजे मिसळ. मळ्यात टेबलं, झोके, एखादी रंगवलेली बैलगाडी, काळ्या मसाल्याची तर्री, सोबत पापड आणि दही. मोकळी हवा मिळावी म्हणून लोक पंधरा-वीस किलोमीटर गाडी काढून येतात. "चुलीवरची" हा शब्द पाटीवर मिसळीपेक्षा मोठा असतो.

चूल बारा वर्षं टेबलांच्या मागे उघड्या छपराखाली होती. मागच्या जूनमध्ये गिऱ्हाइकांनी कुरकुर केली की धूर डोळ्यांत येतो. मालकांनी तीन बाजूंनी पत्रे ठोकले. चौथ्या बाजूला दरवाजाएवढी जागा, आणि पावसाची झड येते म्हणून तिथे ताडपत्री. गिऱ्हाइकाचा त्रास संपला. हिवाळ्यात गारठा म्हणून ताडपत्री तशीच राहिली.

मी आत वाकून गेलो. तीन चुली एका रांगेत, दोनांवर तर्रीची पातेली, एकीवर भाकरीचा तवा. मावशी पाटावर, तोंड जाळापासून हातभर अंतरावर. शेजारी फुंकणी. पत्र्याची आतली बाजू काजळीने अशी मखमली झालेली की बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटावा. जळणात बाभूळ होती, छाटणीतल्या द्राक्षवेलींच्या वाळक्या काड्या होत्या आणि औद्योगिक वसाहतीतून स्वस्तात मिळणारी जुन्या पॅलेटची लाकडं होती. त्यातल्या काहींवर निळा रंग शिल्लक. तर्री उकळत ठेवायची असते, म्हणून जाळ मंद, लाकूड अर्धवट जळणारं. धगधगीत जाळापेक्षा हाच जाळ जास्त वाईट. लाकूड पुरतं जळलं तर कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही.

खिशात मी ऑनलाइन मागवलेला घरगुती अलार्म नेला होता. अशी यंत्रं वायू जितका जास्त तितकी लवकर वाजतात. थोडाच असेल तर तासभरही गप्प राहतात. मावशींच्या पाटाशेजारी ठेवलेलं ते वीस मिनिटांच्या आत किंचाळायला लागलं. बाळ्या हसला. मालक धावत आले, त्यांना वाटलं गॅस गळतोय.

त्याच दुपारी मावशींना थेट तिथून रुग्णालयात नेलं आणि रक्तातलं कार्बोक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासलं. ११ टक्के. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या माणसात ते साधारण ३ टक्क्यांच्या आत असतं. मिसरीला धूर नाही, त्यामुळे तिच्यावर हे ढकलता येत नव्हतं.

आता माझ्या चुकीबद्दल. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो, पण कायमचा नाही. मोकळ्या हवेत दर चार-पाच तासांनी त्याचं रक्तातलं प्रमाण निम्मं होतं. मावशी सोमवारी संध्याकाळी चुलीवरून उठायच्या आणि माझ्याकडे मंगळवारी अकराला यायच्या. तोवर पुरावा श्वासावाटे निघून गेलेला असायचा. मंगळवारी ही तपासणी सांगितली असती तरी ती नॉर्मलच आली असती आणि मी फाइल बंद केली असती. आणि बोटावरचं ते ९८? साध्या पल्स ऑक्सिमीटरला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. दोन्ही त्याला लालच दिसतात. कोविडनंतर घरोघरी ते यंत्र आलं आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो: धुराने डोकं दुखणाऱ्या माणसाच्या बोटाला ते लावून "ऑक्सिजन मस्त आहे" म्हणू नये.

त्यात हिमोग्लोबिन मुळातच ८.९. म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या गाड्याच कमी, आणि त्यातल्या दर नऊ-दहातली एक चुकीचं सामान घेऊन बसलेली. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही शरीराच्या सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. रविवारी दहा-अकरा तास त्याला थोडं थोडं कमी पडत होतं. बाळ्याचंही रक्त तपासलं, तेही वाढलेलंच होतं, पण वय एकोणीस आणि हिमोग्लोबिन चांगलं, त्यामुळे त्याचं उलटीवर भागलं.

मावशींना त्या दिवशी काही तास मास्कने ऑक्सिजन दिला. घरच्यांनी पैसे जमवून एमआरआयही केला. कार्बन मोनॉक्साइडच्या मोठ्या विषबाधेत ग्लोबस पॅलिडस या भागाला ठळक इजा दिसते, ती नव्हती. मेंदूच्या पांढऱ्या भागात मात्र बारीक बारीक ठिपके होते, वयाच्या मानाने जरा जास्तच. रक्तदाब बरीच वर्षं न मोजता वाढलेला असेल तर असे ठिपके दिसतात. आणि इथून पुढे प्रकरण सोपं राहत नाही.

एकाच धुरात दोन गोष्टी

सुनेने विचारलं, "म्हणजे हे सगळं धुरानं झालं?" मी हो म्हणालो असतो तर ते ऐकायला बरं वाटलं असतं. पण खरं उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागतं.

डोकेदुखी, मळमळ, दुपारनंतरचा गोंधळ हे कार्बन मोनॉक्साइडचं. ते रक्तात मोजता आलं, जागा बदलली की जातं, परत गेलं की येतं. एका माणसात सिद्ध करता येईल असं हे कारण आहे.

त्याच धुरातला दुसरा भाग म्हणजे बारीक कण, पीएम २.५. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढे. यांची गोष्ट सावकाश चालते. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात, तिथे दाह पेटतो, त्या दाहाची रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात. रक्तवाहिन्या कडक होतात, रक्तदाब चढतो. मेंदूभोवती रक्तातल्या नको त्या गोष्टी अडवणारी जी चाळणी आहे ती सैल पडू लागते, आणि आतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूचे राखणदार, कायम सावध, कायम चिडलेले राहतात. शिवाय एक आडवाट आहे: नाकाच्या छतातून वासाच्या मज्जातंतूवाटे सरळ मेंदूत. २०१६ साली मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या ३७ मृत व्यक्तींच्या मेंदूत मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे, अतिसूक्ष्म गोल कण सापडले. असे गोल कण मोठ्या उष्णतेत, जळताना तयार होतात. मेंदूत आपोआप बनणाऱ्या मॅग्नेटाइटचा आकार वेगळा असतो. करपलेल्या वाटणाचा वास मावशींना का आला नाही, यामागे नाकातल्या अस्तराची वर्षानुवर्षांची सूज असू शकते, मज्जातंतूचंच नुकसान असू शकतं. वास जाणं ही मेंदूच्या काही विकारांची पहिली खूणही असते, म्हणून त्याची नोंद मी लाल शाईने केली आहे.

यावरचे अभ्यास मोठ्या समूहांचे आहेत. कॅनडातल्या ओंटारिओत सुमारे ६६ लाख लोकांच्या नोंदी पाहिल्या, २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत, ३०० मीटरपलीकडे राहणाऱ्यांपेक्षा, स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७ टक्क्यांनी जास्त आढळलं. पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिसशी मात्र तसा संबंध दिसला नाही, आणि मला हा अभ्यास विश्वासाचा वाटतो तो यासाठीच. प्रत्येक आजार धुराच्या माथी मारलेला नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंश आयोगाने २०२० साली टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत वायुप्रदूषण घेतलं. २०२४ च्या सुधारित यादीत अशी १४ कारणं आहेत: त्यात उच्च रक्तदाब आहे, नैराश्य आहे, कमी शिक्षण आहे. मावशींच्या फाइलवरून बोट फिरवलं तर प्रदूषण धरून चार ठिकाणी थांबावं लागतं.

नैराश्याचं तसंच. २०१९ साली अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र बेरीज केली गेली. पीएम २.५ दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढलं की दीर्घकाळात नैराश्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी वाढते असं त्यात दिसलं. संबंध दिसला, एवढंच. जिथे धूर जास्त तिथे गरिबी, गोंगाट, कमी झोप, रात्रपाळी हेही जास्त असतं. अभ्यासक हे सगळं गणितातून वजा करायचा प्रयत्न करतात, पण चुलीपुढे बारा वर्षं बसलेल्या बाईच्या आयुष्यातून गरिबी वजा करून उरतं काय?

म्हणून सुनेला असं सांगितलं: डोकेदुखी धुराची, नक्की. उदासी आणि विसरभोळेपणा बी-१२, रक्त, रक्तदाब आणि धूर या सगळ्यांचा मिळून. कोणाचा वाटा किती, हे एका माणसात कोणीच सांगू शकणार नाही. पण यातलं प्रत्येक कमी करता येतं.

"लाकडाचाच तर धूर आहे"

मालक वाईट माणूस नाहीत. बाळ्याच्या तपासणीचे पैसे त्यांनीच दिले. पण त्यांचा पहिला प्रश्न असा होता: "डॉक्टर साहेब, आमच्या आज्या-पणज्यांनी चुलीवरच केलं की. हा काय कारखान्याचा धूर आहे? नैसर्गिक आहे."

आज्या-पणज्यांच्या चुलीचं घर कौलारू होतं, कौलांच्या फटींतून धूर निघायचा आणि स्वयंपाक दोन वेळचा असायचा, अकरा तासांचा नाही. तरी त्यांच्या छातीचं आणि डोळ्यांचं काय व्हायचं ते आपण म्हातारपण म्हणून सोडून देत होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या चुलीच्या आणि इतर जळणाच्या धुराने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पक्षाघाताचा वाटा मोठा आहे, आणि पक्षाघात हा मेंदूचाच आजार. लाकडाच्या धुरात बेंझीन असतं, फॉर्मल्डिहाइड असतं. रंगवलेलं पॅलेट जाळलं तर त्यावर आणखी काय चढतं, ते त्या रंगावर अवलंबून.

मालकांचं दुसरं म्हणणं होतं की शहरातली हवाच वाईट आहे, त्यांच्या चुलीने काय फरक पडणार. यात तथ्य आहे. केंद्राचा राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हा हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिक होतं. सातपूर-अंबडचे कारखाने, एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र, द्वारका चौकात तासन्‌तास धुरकटणाऱ्या गाड्या, आता सिंहस्थासाठी जिकडेतिकडे उकरलेले रस्ते. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर वर जातच नाही. आपलं मानक पीएम २.५ साठी वर्षाला सरासरी ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून ५. हा आठपटीचा फरक आहे, आणि आपण त्या चाळीसलाच "सुरक्षित" म्हणतो.

पण मोबाइलवरचा हवेचा आकडा चौकातल्या खांबावरच्या यंत्राचा असतो. मावशींच्या नाकासमोरची हवा कोणत्याही खांबावर मोजली जात नाही. मी पंचवीस वर्षं रुग्णांना झोप विचारतो, भूक विचारतो, दारू-तंबाखू विचारतो, घरातली भांडणं विचारतो. "दिवसभर कुठे बसता, तिथे काय जळतं, खिडकी कुठे आहे" हे मी या प्रकरणाआधी ठरवून कधीच विचारलं नव्हतं. आता केसपेपरवर त्याची ओळ छापून घेतली आहे. गेल्या काही महिन्यांत त्या ओळीत वेल्डिंगचं दुकान आलं, बंद गाळ्यातला जनरेटर आला, अंघोळीच्या खोलीतला गॅस गीझर दोनदा आला.

बदललं ते आणि न बदललेलं

पत्रे पूर्ण काढायला मालक तयार नव्हते, आणि मावशींना काम सोडणं परवडणार नव्हतं. घरात कमावणारी दोनच माणसं. मग तडजोड झाली. दोन बाजूंचे पत्रे निघाले, छपराला मधोमध उंच झरोका आला. तर्री गॅसवर गेली. चव बदलल्याची तक्रार अजून एकानेही केलेली नाही, हे मालक मला खासगीत सांगतात. चूल फक्त भाकरीला, सुकं लाकूड, पॅलेट बंद. भाकरीवर मावशी आणि आणखी एक बाई दोन-दोन तासांनी आलटून पालटून.

पत्रे निघाल्यावर दहा दिवसांत डोकेदुखी गेली. बुधवारी, शनिवारी, रविवारीही. गोळ्या त्याआधीपासून चालू असूनही ती हटली नव्हती, म्हणून हे श्रेय मी हवेला देतो. मनाचं असं सांगता येणार नाही. आठव्या आठवड्यात गुण १६ वरून ६ वर आले, पण तोवर सर्ट्रालिन, बी-१२, लोह सगळंच कामाला लागलं होतं. सुनेने सासूला दवाखान्यात घेऊन यायचं म्हणून चार वेळा रजा काढली, त्याचाही वाटा असेल. स्मरणशक्तीच्या चाचणीत पाचपैकी चार शब्द आले. चाचणी दुसऱ्यांदा दिली की थोडी सोपी जातेच, तेवढं मी मनात वजा करतो. रक्तदाब आता १३२/८४. मिसरी सुटलेली नाही. "ते नका बोलू," असं मला सांगण्यात आलं आहे.

मीठ त्या आता वाटीत आधी मोजून ठेवतात. वाटी रिकामी म्हणजे मीठ पडलं. ही युक्ती त्यांचीच.

वास पूर्ण परतलेला नाही. दर तीन महिन्यांनी मी चार डब्या नाकाखाली धरतो: लवंग, कॉफी, कापूर, लिंबाची साल. लवंग आणि कापूर ओळखतात. कॉफीला "काहीतरी जळकं" म्हणतात. बारा वर्षांच्या कणांचा हिशेब कुठे लिहिला गेला असेल, तर इथे आणि त्या एमआरआयमधल्या ठिपक्यांत. धूर कमी झाला की मेंदूला त्याचा फायदा मिळतो का, याचं एक आश्वासक उत्तर २०२२ साली अमेरिकेतल्या वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत मिळालं. ज्यांच्या भागातली हवा आधीच्या वर्षांत जास्त सुधारली, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका कमी दिसला. ठिपके पुसले जातात असं त्यात नाही.

एक गोष्ट सुनेने शेवटी विचारली, मला सुचायला हवी होती ती. नातू आठ वर्षांचा. शाळा सुटली की तो आजीजवळ यायचा आणि ताडपत्रीआड, उबेला, अभ्यास करायचा. बार्सिलोनात ३९ शाळांतल्या २,७१५ मुलांना वर्षभर तपासलं होतं. जास्त प्रदूषित जागच्या शाळांत मुलांची कामचलाऊ स्मृती, म्हणजे डोक्यात आकडे धरून हिशेब करण्याची ताकद, कमी वेगाने वाढली होती. नातवाचं हिमोग्लोबिन पाहिलं, ठीक आहे. पाढ्यांत तो मागे आहे, पण तसा वर्ग अर्धा मागे आहे. आता तो झोक्याशेजारच्या टेबलावर बसतो.

वणीला मावशी चैत्रात पुन्हा जाऊन आल्या. देवीनेच डॉक्टर दाखवला, असं त्यांचं म्हणणं आहे. मी यावेळी हसलो नाही. मंगळवारची खूण मला त्यांच्या देवीनेच आधी सांगितली होती.

पावसाळा आला की झड आत येणार आणि ताडपत्री पुन्हा लागणार, हे मालकांनी आत्ताच सांगून ठेवलं आहे. म्हणून रक्ताची पुढची तपासणी जूनच्या शेवटच्या रविवारी ठेवली आहे, दुपारी चारला, मावशी पाटावरून उठल्या उठल्या. त्या दुसऱ्या बाईंनाही सोबत घेऊन यायला सांगितलं आहे.